खुशामतीचे शब्द

गोड बोलणे निराळे आणि खुशामत निराळी, हे आपण सारेच म्हणतो. पण दोहोंमधली सीमा कोठे, असे कोणी विचारले तर आपण अडखळतो. म्हणून आज आपल्या भाषेलाच विचारून पाहू या.

'आर्जव' हा शब्द घ्या. संस्कृतात 'ऋजु' म्हणजे सरळ आणि आर्जव म्हणजे सरळपणा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांमध्ये तो सांगितला आहे. मराठीत मात्र आर्जव म्हणजे काकुळतीची विनवणी. ताठ उभा असलेला शब्द वाकला! 'लाघव' म्हणजे मुळात हलकेपणा. आपल्याकडे तो मन जिंकणारा गोडवा झाला. आणि 'लांगूलचालन' म्हणजे सरळ सरळ शेपूट हलविणे. भर्तृहरीने नीतिशतकात अन्न देणाऱ्यापुढे शेपूट हलविणारा कुत्रा आणि धीराने पाहणारा हत्ती, असे दोघे शेजारी उभे केले आहेत.

पुढे सुलतानांच्या अमलात फारसी ही दरबाराची भाषा झाली. तिच्यातून 'खुशामत' आली आणि 'मस्का'ही आला; मस्का म्हणजे लोणी. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. तरी खुशामत लोकांच्या तोंडी राहिली ती राहिलीच. 'हरभऱ्याच्या झाडावर चढविणे' हे तर आपले घरचेच. हरभरा तो केवढा, गुडघ्याएवढा! त्यावर चढणारा किती उंच जाणार? तिकडे दक्षिण चीनमधल्या कँटनी भाषेत खुशामत करण्याला 'जोडे पुसणे' म्हणतात. वस्तू निराळ्या, वाकणे तेच.

पण वाकतो कोण आणि का? आपल्या भंडारा जिल्ह्यात १८५३ साली नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपला. पुढे इंग्रजांनी मालगुजारांना गावांचे मालक ठरविले. ही पद्धत १९५१ साली रद्द झाली. तोवर गावचे जमीन, जंगल, तलाव ज्याच्या हाती, त्याला 'मायबाप' म्हटल्यावाचून गरीब कुळाचे भागत नसे. त्या कुळाला खुशामत्या म्हणणे हा अन्याय होईल. त्याच्यापाशी तेवढेच एक हत्यार होते.

तेव्हा गुरुजी, वर्गात एखादे पोर उगीच तोंड भरून स्तुती करू लागले, तर त्याला दटावण्याआधी एवढे पाहा : त्याला भीती कशाची आहे? मनुष्याला हक्काने मागता येऊ लागले की आर्जवही पुन्हा सरळ उभे राहील.