किल्लारीनंतरची मुले

वाचकहो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या सोलापूरच्या बाजूला वेगळी सांगावयास नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे दमून निजली, आणि चारच्या सुमारास धरणी हलली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ते सारे निजलेल्यांच्या अंगावर आले. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. जखमींना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात आणले गेले.

हाड मोडले तर प्लॅस्टर घालतात, हे आपणांस ठाऊक आहे. पण ज्या पोराची आई माळवदाखाली गेली, ते छपराखाली निजत नाही, अंथरूण ओले करते, वर्गात पाटीकडे नुसते पाहत बसते. त्याला काय औषध?

याचा एक बारकाईचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धात लंडनला झाला. शहरावर बाँब पडत असता ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी बायांनी तेथे मुलांसाठी घरे चालविली. त्यांना असे दिसले की, आईच्या कुशीतले मूल बाँबचा आवाजही सोसते. पण सुरक्षित गावी एकटे धाडलेले मूल अधिक खचते. मग त्यांनी चारपाच मुलांमागे एकेक बाई आईसारखी नेमून दिली. आधी रडारड आणि हेवेदावे वाढले बरे का! पुढे मात्र मुले निवळली, बोलू लागली. आपल्याकडची मावशी-आत्या हेच काम बिनपगारी करीत आली आहे.

किल्लारीनंतर दोन वाटा निघाल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्याकडे नेली; वाघोलीला त्यांचे शिक्षण झाले. दुसरी वाट आपल्या जवळची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी 'आपलं घर' उभे केले. पन्नालाल सुराणा यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. मला विचाराल तर नळदुर्गची वाट अधिक पटते. मामाला सकाळच्या एस.टी.ने येऊन संध्याकाळी परतता येते, कानावर आपलीच बोली पडते. तरीही पुण्याला गेलेल्या मुलांना शिक्षणाची मोठी सोय लाभली, आणि एकाच दुःखाची शेकडो भावंडे मिळाली, हे नाकारून कसे चालेल?

सरकारने ५२ गावे नव्या जागी वसविली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले. पण जमिनीच्या धारणेप्रमाणे लहानमोठी घरे वाटली, त्यामुळे भावकी आणि जुने शेजार पांगले. पोर शेजारणीच्या ओट्यावर ठेवून रानात जाण्याची सोय गेली. भिंत बांधताना हा हिशेब कोणी मांडला नाही, असे मला वाटते.

शिक्षकबंधूंनो, तुमचा संबंध येथेच येतो. २००४ च्या त्सुनामीनंतर बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने शिक्षकांना आणि अंगणवाडीच्या बायांना शिकवून तयार केले, कारण गावोगाव मनाचे डॉक्टर कोठून आणणार? चित्रे काढू द्यावी, खेळू द्यावे, बोलते करावे, शाळेची घंटा नेहमीच्या वेळी वाजावी, इतके साधे ते काम. मूल खेळात दगडांचे घर रचून पुन्हापुन्हा पाडीत असेल, तर त्याला दटावू नका. मनातले ते हातांनी बाहेर काढीत असते.

आईबापांचे काय? ज्यांनी लेकरे गमावली त्यांना रडायलाही कोणी सवड दिली नाही. पुढे घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमले गेले. काम सिमेंट-विटांचे; पण त्यानिमित्ताने बाया एकत्र बसू लागल्या, बोलू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या (आताचे धाराशिव) अशाच काही बाया तिकडे गेल्या आणि भाषा येत नसताना तिथल्या बायांजवळ जाऊन बसल्या.