समुद्रस्नान आणि सांडपाणी

आमच्या लहानपणी मे महिना आला की आजी समुद्रस्नानाची तयारी सुरू करायची. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. पणजीहून फेरीबोटीने बेती आणि तिथून पुढे कळंगुट. खाऱ्या पाण्याने खरूज जाते, सांधे दुखायचे थांबतात, पावसाळाभर आजार अंगाला शिवत नाही, अशी तिची श्रद्धा. स्नाने विषम संख्येनेच घ्यायची, तीन किंवा पाच, हाही तिचाच नियम.

दोन वर्षांमागे माझा नातू, ओहोळ समुद्राला मिळतो त्या उथळ पाण्यात दिवसभर खेळला आणि दुसऱ्या रात्री उलट्या-जुलाबांनी हैराण झाला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "आजोबा, पोराला पोहायला कुठे नेला होता?" आजार पाण्यामुळेच झाला असे मी म्हणत नाही. पण ते पाणी कसे होते हे मला ठाऊक नव्हते आणि ते सांगणारा एखादा फलकही तिथे नव्हता. आजीचे औषध संशयाच्या फेऱ्यात कसे आले, याचा शोध घ्यायला बसलो आणि वाचता वाचता थेट इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोचलो.

तिथेही सुरुवात आजीच्या श्रद्धेनेच झालेली दिसते. डॉ. रिचर्ड रसेल यांनी 1750 साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. ग्रंथींच्या विकारांवर ते समुद्रस्नान तर सांगतच, पण खारे पाणी प्यायलाही लावत. ब्रायटनची भरभराट झाली त्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे एकोणिसाव्या शतकात शहरांत भुयारी गटारे आली आणि किनाऱ्यावरच्या गावांनी आपल्या मैल्याचे नळ सरळ समुद्रात सोडले. समुद्र एवढा मोठा, सगळे पोटात घेईल, हा हिशेब.

1957 साली वेकफिल्ड नावाच्या दांपत्याची लहानगी मुलगी पोलिओने गेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सांडपाणी जिथे समुद्रात सोडले जाई, त्याच्या जवळपास ती पोहली होती. आजार तिथूनच आला अशी आईबापांची खात्री होती. तक्रार घेऊन गेल्यावर कुणी दाद दिली नाही, तेव्हा 1958 साली त्यांनी किनाऱ्यांच्या प्रदूषणाविरुद्ध संघटना काढली. कुठल्या गावाचा नळ कुठे सुटतो याची माहिती ते गोळा करू लागले आणि स्वच्छ किनाऱ्यांची 'गोल्डन लिस्ट' छापू लागले. सरकारने जे सांगायला हवे होते, ते एका दुःखी घराने सांगायला घेतले.

1959 साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल आला. निष्कर्ष असा, की किनारा डोळ्यांना किळस येण्याइतका घाण नसेल तर आरोग्याला धोका नगण्य. म्हणजे परीक्षा डोळ्यांनी करायची! पुढची कित्येक वर्षे अधिकारी याच अहवालाकडे बोट दाखवत राहिले.

मग युरोपीय समुदायाचा स्नानजल निर्देश आला. तो संमत झाला डिसेंबर 1975 मध्ये. त्याचा आधार म्हणजे आतड्यातले जंतू. ते स्वतः बहुधा फारसे घातक नसतात, पण पाण्यात सापडले की मैला मिसळला आहे हे कळते. 100 मिलिलिटर पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म 2,000 पेक्षा जास्त नकोत, अशी मर्यादा ठरली. यावर ब्रिटनने काय करावे? 1979 साली आपल्याकडे स्नानाचे किनारे फक्त 27 आहेत असे कळवले! हजारो लोक जिथे डुंबत त्या ब्लॅकपूलचे नाव यादीत नव्हते. समुद्रच नसलेल्या लक्झेंबर्गने नद्या-तळी धरून याहून जास्त जागा कळवल्या होत्या. अखेर 1993 साली युरोपीय न्यायालयाने ब्लॅकपूलच्या प्रकरणात ब्रिटनला दोषी ठरवले.

प्रश्नाचे शास्त्रीय उत्तरही त्याच सुमारास मिळाले. 1989 ते 1992 या काळात बाराशेहून अधिक निरोगी स्वयंसेवकांना चार किनाऱ्यांवर नेण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट पाण्यात उतरला आणि त्याने डोके तीनदा बुडवले. दुसरा वाळूवर बसून राहिला. जंतू जास्त तिथे पोटाचे विकार जास्त, हे 1994 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ते पाणी डोळ्यांना किळसवाणे नव्हते. म्हणजे 1959 ची कसोटी चुकीची होती. पुढे 2006 च्या नव्या निर्देशाने, पाण्याचा दर्जा सांगणारा फलक किनाऱ्यावरच लावणे बंधनकारक केले.

या फलकालाही मर्यादा आहे. प्रयोगशाळेत जंतू वाढवून मोजायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे आजचा आकडा उद्या-परवा हाती येतो. म्हणून जाणकार साधा नियम सांगतात: मोठा पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये आणि ओहोळाच्या, नाल्याच्या तोंडाशी तर कधीच नाही. नातवाला घेऊन गेलो तेव्हा मला एवढे ठाऊक असते तर!

आता आपल्याकडे वळू. स्नानाच्या समुद्रासाठी आपला केंद्रीय निकष 100 मिलिलिटरमागे 100 मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे युरोपच्या त्या जुन्या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक. कागदावर आपण पुढेच आहोत. आपल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, लाल झेंडा दिसला की शहाणा माणूस पाण्यात उतरत नाही. पण तो झेंडा लाटांविषयी आणि ओढीविषयी बोलतो, जंतूंविषयी नाही. 2020 साली देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मिळाला. त्या मानांकनात पाण्याची तपासणी होऊन तिचे निकाल किनाऱ्यावर लावावे लागतात. त्या आठांत गोव्याचा एकही किनारा नव्हता.

पर्यटकांसाठी म्हणून मी हे लिहीत नाही. ते चार दिवस राहून परत जातात. मे महिन्यात खाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवून पोराबाळांना घेऊन जाणारे आपणच. वेकफिल्डांनी गाऱ्हाणे घातले ते समुद्राला नव्हे, यादी न छापणाऱ्यांना. आपल्या गावचा ओहोळ कुठून येतो आणि कुठे मिळतो, हे तरी ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?