व्होडाफोन करप्रकरण

मुंबईत मुख्यालय असलेल्या हचिसन एस्सार या दूरसंचार कंपनीतील बहुसंख्य हितसंबंध २००७ साली केमन बेटांवरील एका कंपनीच्या शेअरविक्रीतून हस्तांतरित झाले, तेव्हा त्या विक्रीतील नफ्यावर भारतात आयकर द्यावा लागतो की नाही, यावरून आयकर विभाग आणि व्होडाफोन समूह यांच्यात चाललेला व २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर मिटलेला वाद. मोठ्या कंपन्या करांपासून दूर राहण्यासाठी परदेशाचा आश्रय कसा घेतात आणि त्यांना अडवताना सरकार स्वतः कोणत्या चुका करते, या दोन्ही गोष्टी या एका प्रकरणात जितक्या स्पष्टपणे दिसतात तितक्या महाराष्ट्राशी संबंधित दुसऱ्या कोणत्याही करविवादात दिसत नाहीत.

कंपन्यांचे असे स्थलांतर दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात कंपनी आपले नोंदणीचे ठिकाणच कमी कराच्या देशात नेते; अमेरिकेतील फायझर या औषधकंपनीने अ‍ॅलरगनशी विलीन होऊन आयर्लंडमध्ये बस्तान हलवण्याचा घाट घातला होता आणि अमेरिकी अर्थखात्याने नियम कडक केल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तो सोडून दिला, हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात कारखाना, मनोरे, ग्राहक, कर्मचारी यांतले काहीच हलत नाही, फक्त मालकी परदेशात ठेवली जाते. भारतीय कंपनीचे शेअर मॉरिशसमधील कंपनीकडे, तिचे शेअर केमन बेटांवरील कंपनीकडे, अशी साखळी रचली की विक्रीच्या वेळी भारतातला एकही कागद हलवावा लागत नाही. दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणे एवढेच काम असलेल्या अशा कंपनीला धारक कंपनी म्हणतात. भारतात मुख्यतः हा दुसरा प्रकार रुजला आणि त्याला कारणही होते : १९८२ साली भारत व मॉरिशस यांच्यात झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार मॉरिशसच्या रहिवासी कंपनीला भारतीय शेअरांच्या विक्रीवर झालेल्या भांडवली नफ्यावर, म्हणजे मालमत्तेच्या खरेदीविक्रीच्या किमतींतील फरकावर, कर लावण्याचा अधिकार केवळ मॉरिशसला होता आणि मॉरिशस तो कर लावतच नसे.

हाँगकाँगच्या हचिसन समूहाने १९९४ च्या सुमारास मुंबईतील मोबाइल सेवेच्या परवान्यातून भारतात प्रवेश केला. त्यांच्या भारतीय गुंतवणुकीच्या साखळीत १९९८ मध्ये केमन बेटांवर स्थापन झालेली सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स ही कंपनी होती. तिच्याखालील मॉरिशसच्या कंपन्या, त्यांच्याशी संलग्न भारतीय कंपन्या आणि शेअर खरेदीचे राखीव हक्क मिळून हचिसन एस्सारमधील सुमारे ६७ टक्के हितसंबंध तिच्याकडे येत. उरलेले ३३ टक्के एस्सार समूहाकडे होते. ११ फेब्रुवारी २००७ रोजी नेदरलँड्समधील व्होडाफोन इंटरनॅशनल होल्डिंग्ज या कंपनीने सीजीपीचा एकमेव शेअर सुमारे ११ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला आणि ८ मे रोजी तो पूर्ण झाला. विकणारा परदेशी, घेणारा परदेशी, शेअर परदेशी आणि पैसेही परदेशातच चुकते झाले; पण ११ अब्ज डॉलर ज्या गोष्टीसाठी मोजले गेले ते परवाने, ते जाळे व ते ग्राहक सगळे भारतात होते.

सप्टेंबर २००७ मध्ये आयकर विभागाने नोटीस दिली ती नफा मिळवणाऱ्या हचिसनला नव्हे, तर पैसे देणाऱ्या व्होडाफोनला. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९५ नुसार अनिवासी व्यक्तीला करपात्र रक्कम देणाऱ्याने तीतून कर आधीच कापून सरकारजमा करायचा असे. तो न कापल्याची जबाबदारी व्होडाफोनवर टाकण्यात आली आणि मागणी सुमारे ११,२१८ कोटी रुपयांची निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०१० रोजी विभागाच्या बाजूने कौल दिला. शेअर जरी केमनचा असला तरी त्यासोबत भारतातील हक्क व अधिकारही हस्तांतरित झाले आहेत, त्यांचा भारताशी पुरेसा संबंध आहे आणि तेवढ्या भागावर कर आकारता येतो, अशी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. देवधर यांच्या खंडपीठाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी ती फिरवली. सरन्यायाधीश कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने व्यवहार एकसंध पाहावा, त्याचे तुकडे करू नयेत असे म्हटले. ही साखळी विक्रीच्या तोंडावर उभारलेली नसून १९९८ पासूनची आहे, आणि २००२-०३ ते २०१०-११ या काळात समूहाने भारतात २०,२४२ कोटी रुपयांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर भरले आहेत, याकडेही पीठाने लक्ष वेधले. तेव्हाच्या कायद्याच्या शब्दांत अप्रत्यक्ष हस्तांतरण बसत नव्हते आणि न्यायालयाने ते ओढूनताणून बसवले नाही. निकाल म्हणून हे योग्यच होते. मात्र कायद्यातली फट खरी होती आणि ती बुजवणे हे संसदेचे काम होते.

संसदेने ते केले, पण चुकीच्या पद्धतीने. मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी मांडलेल्या दुरुस्तीने, परदेशी कंपनीच्या शेअरचे मूल्य मुख्यत्वे भारतातील मालमत्तेतून येत असेल तर तो शेअर भारतातच असल्याचे मानले जाईल, असे स्पष्टीकरण कायद्याच्या कलम ९ मध्ये घातले आणि ते १९६२ पासून लागू केले. पूर्वलक्षी करआकारणी ती हीच : व्यवहार होऊन गेल्यावर त्याच्या तारखेच्या मागे जाऊन लावलेला नियम. नेमकेपणाने भविष्यासाठी केलेली हीच तरतूद कुणालाही आक्षेपार्ह वाटली नसती. सरकारनेच नेमलेल्या पार्थसारथी शोम यांच्या समितीनेही ती पुढील काळासाठीच लागू असावी असे सुचवले. व्होडाफोनने भारत-नेदरलँड्स गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली आणि २५ सप्टेंबर २०२० रोजी लवादाने भारताविरुद्ध एकमताने निवाडा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, याच पूर्वलक्षी तरतुदीवरून केर्न एनर्जी या ब्रिटिश तेलकंपनीशी चाललेल्या प्रकरणातही भारत हरला व सुमारे १.२ अब्ज डॉलर देण्याचा आदेश झाला. ते वसूल करण्यासाठी केर्नने पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर न्यायालयीन आदेश मिळवले. ऑगस्ट २०२१ मध्ये करआकारणी कायदे (सुधारणा) अधिनियम मंजूर होऊन २८ मे २०१२ पूर्वीच्या अप्रत्यक्ष हस्तांतरणांवरील मागण्या, दावे मागे घेण्याच्या अटीवर, सोडून देण्यात आल्या आणि वसूल झालेले पैसे व्याजाविना परत करण्याचे ठरले. परत द्यायच्या सुमारे ८,१०० कोटींपैकी बहुतेक रक्कम एकट्या केर्नची होती.

अशा प्रकरणांचा भार कोणावर पडतो हे पाहण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावाकडे वळणे उपयुक्त ठरते. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी अशा करांतून येते आणि या करांचा विषय, म्हणजे घर आणि नळ, केमन बेटांवर नेता येत नाही. याउलट मोबाइल कंपनीचे मूल्य अशाच हजारो गावांतील व शहरांतील रिचार्जमधून साकारते, पण तिची मालकी कुठेही नेऊन ठेवता येते. कंपनीकर हा केंद्राचा कर असला तरी संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार तो राज्यांशी वाटून घेतला जातो; पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा एकत्र वाटा ४१ टक्के आणि त्यातला महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के ठरवला, म्हणजे २०२१-२६ या काळात वाटपयोग्य करातील १०० रुपयांमागे राज्याला सुमारे २ रुपये ५९ पैसे मिळत. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असल्याने हा वाटा वाढत नाही. उरलेल्या केंद्रीय महसुलातून कोणती कामे उभी राहतात तेही या तालुक्यात दिसते : औंढ्याजवळील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. व्होडाफोनकडे मागितलेली रक्कम याच्या चौपटीहून अधिक होती. ती वसूल व्हायलाच हवी होती असा याचा अर्थ नाही. १९९८ ते २००७ या काळात कायदा स्पष्ट असता तर ती सरळ मार्गाने मिळाली असती, हा खरा तोटा आहे.

पुढील काळात बदल झाले ते बहुतांशी भविष्यलक्षी. २०१५ च्या वित्त अधिनियमाने भारतातील मालमत्ता १० कोटी रुपयांहून अधिक आणि एकूण मूल्याच्या किमान निम्मी असावी, अशी मर्यादा घालून २०१२ च्या तरतुदीतील संदिग्धता दूर केली. १० मे २०१६ रोजी मॉरिशसशी झालेल्या दुरुस्ती करारानुसार १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरील भांडवली नफा भारतात करपात्र झाला. करलाभ हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे असे व्यवहार अमान्य करण्याचा अधिकार देणारे सर्वसाधारण करटाळणीविरोधी नियमही त्याच वर्षापासून अमलात आले. दुसऱ्या बाजूने दर उतरवण्यात आले : २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजी येथे, सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के व नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के जाहीर केला आणि त्यापोटी वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असा अंदाज दिला. दरकपातीची ही चढाओढ थांबवण्यासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी, ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांवर जगभर किमान १५ टक्के कर असावा, हे मान्य केले.

नवउद्योगांच्या बाबतीत प्रवाह काहीसा उलटा फिरला आहे. गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी सिंगापूर किंवा अमेरिकेतील डेलावेअर येथे धारक कंपनी नोंदवणाऱ्या अनेक भारतीय उद्योगांनी मायदेशी परतण्यास सुरुवात केली. फोनपे या डिजिटल पेमेंट कंपनीने २०२२ मध्ये आपली नोंदणी सिंगापूरहून भारतात आणली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपयांचा कर भरावा लागला. परदेशी धारक कंपनीला आपल्या भारतीय उपकंपनीत रिझर्व्ह बँकेच्या संमतीने जलद विलीन होता यावे, यासाठीचे नियम सप्टेंबर २०२४ पासून लागू आहेत.