आगमनकाळ आणि मरियेचा होकार

ख्रिस्ती उपासनावर्षाचा प्रारंभ जानेवारीत नव्हे, तर नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी होतो. तेथून २४ डिसेंबरपर्यंतच्या प्रतीक्षेस 'आगमनकाळ' म्हणतात. अनेक चर्चमध्ये दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते.

या प्रतीक्षेच्या केंद्रस्थानी मरिया आहे. लूकच्या शुभवर्तमानानुसार, गब्रिएल देवदूत निरोप घेऊन आला तेव्हा ती योसेफाची वाग्दत्त वधू होती. विवाहापूर्वीचे गरोदरपण तत्कालीन यहुदी समाजात बदनामीचे तर होतेच. नियमशास्त्राप्रमाणे ते जिवावरही बेतू शकत होते. त्यामुळे तिच्या होकारात केवळ नम्रता पाहणे अपुरे ठरते. त्यात मोठे धाडस आहे.

मराठीला हा प्रसंग चार शतकांपासून परिचित आहे. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त तो ओवीबद्ध केला. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकातही येशूच्या आगमनाचाच उल्लेख होता. ग्रंथ मराठी, लिपी मात्र रोमन! तो देवनागरीत छापलेला पाहण्यासाठी वाचकांना १९५६ पर्यंत थांबावे लागले. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली ती आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली.