विक्री आदेश

विक्री आदेश (प्रचलित नाव: सेल्स ऑर्डर) हा ग्राहकाची मागणी विक्रेत्याने मान्य केल्याची नोंद करणारा दस्तऐवज होय. कोणता माल, किती, कोणत्या दराने व कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, हे त्यात नमूद असते. विक्री आदेश हे पुरवठ्याचे वचन असते. ती प्रत्यक्ष विक्री नव्हे. म्हणून व्यवसाय व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीत त्याचा परिणाम साठ्याच्या नियोजनावर होतो, खातेवहीवर होत नाही.

निर्मिती

मुंबईतील फ्रॅपे या कंपनीने विकसित केलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त स्रोत प्रणालीत व्यवहाराचा सर्वसाधारण क्रम कोटेशन, विक्री आदेश, डिलिव्हरी चलन व बीजक असा असतो. ग्राहकाने कोटेशन मान्य केल्यावर त्यातील तपशील विक्री आदेशात जसाच्या तसा घेता येतो. आदेश प्रथम मसुदा म्हणून जतन होतो व सादर केल्यानंतरच अमलात येतो. ग्राहकाची उधारीची मर्यादा ठरवलेली असल्यास ती या टप्प्यावर तपासता येते.

साठ्यावरील परिणाम

गोदामात १०० खुर्च्या आहेत आणि ६० खुर्च्यांचा आदेश सादर झाला, असे समजू. प्रत्यक्ष साठा १०० च राहतो. मात्र नव्या ग्राहकाला देण्याजोग्या खुर्च्या ४० च उरतात. त्यानंतर ५० खुर्च्यांचा दुसरा आदेश स्वीकारल्यास १० खुर्च्यांची तूट दिसते व तेवढ्यांची खरेदी किंवा उत्पादन करावे लागते. आदेशांची नोंद न ठेवता केवळ गोदामातील माल मोजणाऱ्या विक्रेत्याकडून एकाच मालाचे वचन दोघांना दिले जाण्याचा संभव असतो.

व्यवस्थापन

माल एका वेळी किंवा हप्त्यांनी पाठवता येतो. किती माल गेला व किती रकमेचे बीजक झाले, यांची टक्केवारी स्वतंत्रपणे दाखवली जाते; दोन्ही पूर्ण झाल्यावर आदेश पूर्ण समजला जातो. उर्वरित माल द्यायचा नसल्यास आदेश बंद करतात, तर काही काळ थांबायचे असल्यास तो स्थगित ठेवतात. सादर केलेला आदेश पुसून टाकता येत नाही. मोठा बदल करायचा झाल्यास तो रद्द करून सुधारित आदेश काढतात. त्यामुळे मूळ नोंद शिल्लक राहते व वाद उद्भवल्यास पडताळणी करता येते.

हिशेब व कर

टॅली या प्रणालीतही विक्री आदेशाचे व्हाउचर ताळेबंदात बदल घडवत नाही. विक्रीचे उत्पन्न सामान्यतः बीजकाच्या वेळी नोंदले जाते. आदेशासोबत आगाऊ रक्कम मिळाल्यास बीजक होईपर्यंत ती उत्पन्न न धरता देणे म्हणून दाखवतात. भारतात १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार करदात्याने करबीजक देणे आवश्यक असते; विक्री आदेश त्याची जागा घेऊ शकत नाही.