मधला स्पीकर: सराउंड साउंडची नव्वद वर्षं आणि आपला दहा बाय बाराचा हॉल

इअरफोन लावले असतील तर उत्तम, कारण आज आवाज कुठून येतो यावरच बोलायचंय.

पहिला पगार, बोनस किंवा नवीन फ्लॅट झाला की एक प्रश्न हमखास येतो: होम थिएटर कुठलं घेऊ? ५.१ की ७.१? साउंडबार चालेल का? ॲटमॉस लागतंच का? मी थेट मॉडेलचं नाव सांगणार नाही, ते सहा महिन्यांत जुनं होतं. त्याऐवजी हे आकडे आले कुठून ते बघू. माझं एक मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. या सगळ्या इतिहासात जाहिरात कायम मागच्या स्पीकरची झाली, आणि खरं काम कायम मधल्या स्पीकरने केलं.

सुरुवात लंडनमधून. १९३१ साल, बोलपट नवे नवे. ॲलन ब्लमलाइन नावाचा इंजिनिअर बायकोसोबत सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, कारण स्पीकर एकच. गोष्ट अशी सांगतात की, आवाज माणसाच्या मागे मागे फिरवायची युक्ती आपल्याला सापडली आहे, असं तो बायकोला म्हणाला. गोष्टीत किती मीठमसाला आहे माहीत नाही, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पेटंटसाठी केलेला अर्ज खरा आहे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा जवळपास सगळा पाया त्या एका कागदात आहे. ब्लमलाइन जगला मात्र जेमतेम ३८ वर्षं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, रडारची चाचणी घेणारं विमान कोसळलं, त्यात तो गेला.

तिकडे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये वेगळ्या वाटेने हेच चाललं होतं. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाचा ऑर्केस्ट्रा फिलाडेल्फियातच वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहात बसले होते. मधे टेलिफोनच्या तारा. ऑर्केस्ट्राचा प्रसिद्ध संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या रात्री वादकांसमोर नव्हताच, तो वॉशिंग्टनमध्ये आवाजाची बटणं फिरवत बसला होता. आणि तारांवरून चॅनल किती गेले? तीन. डावा, उजवा आणि मधला.

तीन का, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या खरेदीचं निम्मं उत्तर इथेच आहे. दोन स्पीकरमधून एकच आवाज सारखा सोडला की मेंदूला तो मधोमध असल्यासारखा वाटतो. पण कधी? तुम्ही बरोब्बर मधे बसलात तरच. थोडं डावीकडे सरका, डावा स्पीकर जवळ येतो, त्याचा आवाज काही मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि मेंदू निकाल देतो की सगळं डावीकडूनच येतंय. म्हणजे हिरोईन पडद्याच्या मधे उभी आणि बोलतेय डाव्या भिंतीतून. मधे खराखुरा स्पीकर असला की कुठल्याही खुर्चीवर बसा, संवाद पडद्यातूनच येतो. म्हणूनच थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, मधला स्पीकर त्याच्यामागे असतो.

यानंतर वॉल्ट डिस्ने. १९४० चा 'फँटेशिया', संगीत पुन्हा स्टोकोव्स्कीचं. डिस्नेला आवाज प्रेक्षागृहात फिरवायचा होता. त्याच्या इंजिनिअरांनी 'फँटासाउंड' उभं केलं: चित्राची फिल्म वेगळी, आवाजाची वेगळी, तिच्यावर आवाजाचे तीन ट्रॅक आणि चौथा फक्त 'कोणाला किती मोठं करायचं' हे सांगणारा. मेटाडेटा म्हणा हवं तर! यंत्रणा तपासायला डिस्नेने दोन पोरांच्या एका नवख्या कंपनीकडून आठ ऑसिलेटर विकत घेतले. कंपनीचं नाव ह्यूलेट-पॅकार्ड. तुमच्या ऑफिसातल्या प्रिंटरवरचं एचपी ते हेच.

पण एका थिएटरच्या यंत्रणेचा खर्च सुमारे ८५ हजार डॉलर, त्या काळातले. जेमतेम डझनभर शहरांत ती लागली, मग युद्ध आलं आणि सिनेमा साध्या एका ट्रॅकवर, कापाकापी करून दाखवावा लागला. तंत्र जमलं, पण परवडलं नाही. पुढच्या पन्नास वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडतं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, फिल्मवर चार चुंबकीय ट्रॅक, त्यातला चौथा प्रेक्षकांच्या मागच्या स्पीकरसाठी. त्या चौथ्या ट्रॅकमध्ये इतकी खरखर असायची की काही वाजायचं नसेल तेव्हा मागचे स्पीकर बंद ठेवायला १२ किलोहर्ट्झचा वेगळा इशारा भरावा लागे. थिएटरवाल्यांनी खर्चावरून इतकी कुरकुर केली की वर्षभरात कंपनीला साध्या मोनो प्रिंट द्यायला तयार व्हावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आजोबांच्या पिढीने सिनेमा पाहिला तो जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये. एक पडदा, एक भोंगा, बाजूला जनरेटरची घरघर. त्या पार्श्वभूमीवर १५ ऑगस्ट १९७५ ला आला 'शोले'. ७० एमएम, सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. जयने उडवलेलं नाणं खणकन पडलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं जुने प्रेक्षक सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. पण गंमत बघा. सहा ट्रॅकची सोय मोजक्या मोठ्या थिएटरांत होती. बाकी महाराष्ट्राने 'शोले' मोनोत पाहिला आणि तरी गब्बर तोंडपाठ झाला. पॉलिडोरने नुसत्या संवादांची तबकडी काढली, ती तुफान खपली. लोकांना विकत घेऊन घरी न्यावंसं वाटलं ते माणसांचं बोलणं, घोड्यांच्या टापा नव्हेत.

७० एमएमचा खर्च कोणाला झेपत नव्हता, यावर तोडगा काढला डॉल्बीने. आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली भिंत, पण रे डॉल्बी हा खराखुरा माणूस. आणि हे फार जणांना माहीत नसतं: तो १९६३ ते १९६५ भारतात होता, संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून. परत जाऊन १९६५ मध्ये त्याने लंडनमध्ये कंपनी काढली. पहिलं काम टेपची खरखर कमी करण्याचं. ज्याने आयुष्यभर नको असलेला आवाज कमी केला, त्याचं नाव आपण नेमकं कशाला दिलंय बघा.

तर सत्तरच्या दशकात डॉल्बीच्या लोकांनी काय केलं? साध्या ३५ एमएम फिल्मवर ऑप्टिकल ट्रॅकला जागा अगदी चिंचोळी. त्यात दोनच ट्रॅक बसत होते. हवे होते चार: डावा, मधला, उजवा, मागचा. मग गणित लढवलं. मधल्याचा आवाज दोन्ही ट्रॅकमध्ये सारखा मिसळायचा. मागचाही दोन्हींत मिसळायचा, पण एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये. थिएटरमध्ये दोन ट्रॅकची बेरीज केली की मधला निघतो, वजाबाकी केली की मागचा. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला शिव्या घालणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. अर्थात दोन समीकरणांतून चार अज्ञात पूर्ण स्वच्छ सुटत नाहीत, इकडचं थोडं तिकडे गळतं. पण प्रत्येक थिएटरला परवडेल इतकं स्वस्त झालं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ते जगभर नेलं.

होम थिएटर खरं इथे जन्मलं. कसं? ते चार चॅनल दोन ट्रॅकमध्येच लपलेले असल्यामुळे सिनेमाची स्टिरिओ व्हिडिओ कॅसेट काढली की तेही आपोआप कॅसेटवर यायचे. घरात फक्त उलगडणारा डबा हवा. १९८२ पासून असे डीकोडर घरांसाठी मिळू लागले. पहिले डबे फक्त मागचा आवाज वेगळा काढायचे. १९८७ च्या प्रो लॉजिकने घरी मधला स्पीकर आणला आणि गळती बरीच आवरली. म्हणजे घरातसुद्धा मागचा आधी आला, मधला नंतर. जाहिरातीला मागचाच सोयीचा ना!

त्याच १९८७ मध्ये आकडा आला: ५.१. डिजिटल सिनेमात चॅनल किती असावेत यावर अमेरिकेत बैठक चालली होती. टॉमलिन्सन होल्मन म्हणाला, पाच पॉइंट एक. पाच चॅनल पूर्ण आवाजाचे आणि एक फक्त १२० हर्ट्झपर्यंतच्या घुमणाऱ्या आवाजाचा. पूर्ण चॅनल २० हजार हर्ट्झचा, म्हणजे काटेकोर हिशोबाने ते ५.००६ व्हायला हवं. पण ५.००६ असं खोक्यावर छापून कोणी विकत घेतलं नसतं. रचना मात्र पूर्ण नवी नव्हती, १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या ७० एमएम प्रिंटमध्ये वॉल्टर मर्चने डोक्यावरून हेलिकॉप्टर फिरवलं ते साधारण याच मांडणीवर.

पुढचं पटकन. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये डॉल्बी डिजिटल आलं, सगळा डेटा फिल्मच्या दातांच्या भोकांमधल्या रिकाम्या जागेत छापलेला. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'ने डीटीएस आणलं, आवाज वेगळ्या सीडीवर. १९९६ च्या शेवटी जपानमध्ये डीव्हीडी आली आणि ५.१ घरात शिरलं. २०१२ च्या 'ब्रेव्ह'पासून ॲटमॉस: चॅनल मोजणं सोडा, आवाजाला खोलीतली जागा सांगा, कुठला स्पीकर वाजवायचा ते यंत्र ठरवेल.

आपल्याकडे मधे एक मजेशीर टप्पा होता. घरोघरी व्हीसीडी होती आणि व्हीसीडीत आवाजाचे चॅनल दोनच. तरी लोकांनी पाच डबे आणि एक सबवूफर घेतला, आणि पाचही डब्यांतून तेच गाणं वाजवलं. खोक्यावर लिहिलेलं असायचं ५००० वॉट पीएमपीओ. हा आकडा मोजायची कुठलीही मान्य पद्धत नाही. साधा हिशोब करा: भिंतीतलं प्लग पॉइंट ६ ॲम्पिअरचं, व्होल्टेज २३०, गुणाकार १३८०. सॉकेटमधूनच १३८० वॉट येतात तर डब्यातून ५००० कुठून निघणार? आरएमएस विचारा. दुकानदार गडबडला तर पुढच्या दुकानात जा.

आता तुमचा हॉल. दहा बाय बारा, सोफा भिंतीला टेकलेला, एका बाजूला गॅलरीचं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची वाट. ५.१ च्या मांडणीत पुढचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे साधारण ११० अंशांवर असावेत, म्हणजे कानाच्या किंचित मागे. भिंतीला टेकलेल्या सोफ्यामागे जागाच नाही. मग मागचे डबे कुठे जातात? एक टीव्हीशेजारी, एक कपाटावर. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता हसूही येत नाही. तुमच्या घरी हेच होणार असेल तर ते पैसे मागे घालू नका. खरा वेगळा मधला चॅनल असलेला ३.१ साउंडबार किंवा तीन चांगले स्पीकर आणि सबवूफर, इतकं पुरे. ओटीटीवर संवाद पुटपुटल्यासारखे येतात, मग धमाक्याला आवाज कमी आणि बोलण्याला जास्त करत रिमोट हातात घेऊन बसावं लागतं. मधला चॅनल वेगळा असला की फक्त त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर ही सोय बाकी सगळ्या फीचरपेक्षा मोठी आहे. त्यांचं ऐकू येणं कमी झालं की ते सांगत नाहीत, नुसते उठून आत जातात.

खोली मोठी असेल, सोफा भिंतीपासून तीन-चार फूट पुढे येत असेल, तर ५.१ जरूर घ्या, मजा आहे त्यात. वरच्या दिशेने आवाज फेकणारे ॲटमॉस साउंडबार सपाट, कडक छतावर चालतात. पत्र्याच्या उतरत्या छताखाली तो आवाज भलतीकडे जातो. आणि केबल: ओटीटीवरचं ॲटमॉस एचडीएमआय एआरसीमधून जातं, ऑप्टिकल केबलमधून जात नाही. टीव्हीमागे 'एआरसी' लिहिलेलं पोर्ट आहे का, ते खोकं फोडायच्या आधी बघा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जास्त घुमतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकाही.

दुकानात डेमोला नेहमी धमाक्याचाच सीन लावतात. तुम्ही फोनमध्ये दोन माणसं हळू आवाजात बोलतायत असा, तुमच्या ओळखीचा सीन घेऊन जा. आवाज कमी ठेवा, खुर्ची एका बाजूला सरकवा आणि ऐका. प्रत्येक शब्द पडद्यातून आला तर किमतीचं बोलायला लागा.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं न पाडता स्पीकर कसे लावायचे, ते पुढच्या भागात.