अरबी व तागालोग : दोन भाषांची भेट

फिलिपाइन्स देशाच्या सर्वोच्च न्यायालयास तेथील भाषेंत ‘काताआस-ताआसांग हुकुमान’ असें म्हणतात. या लांबलचक नांवांतील शेवटचा शब्द मराठी वाचकाच्या कानास अगदींच परका वाटणार नाहीं. ‘हुकुमान’ म्हणजे न्यायालय, ‘हुकोम’ म्हणजे न्यायाधीश. आणि या दोहोंच्या मुळाशीं असलेला अरबी ‘हुक्म’ हाच आपल्या कचेऱ्यांत व घरांत ‘हुकूम’ होऊन बसला आहे. वाळवंटांत वाढलेली अरबी आणि पॅसिफिक महासागराच्या कडेच्या बेटांवर बोलली जाणारी तागालोग यांची गांठ कोठें पडली, आणि त्या भेटींतून काय निष्पन्न झालें, हें येथें पाहण्याचा आमचा विचार आहे. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. परके शब्द घेतल्यानें भाषा बाटते कीं काय, या आपल्याकडे वारंवार उठणाऱ्या वादावरहि त्यानें थोडा प्रकाश पडेल.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, या दोन भाषांत रक्ताचें नातें मुळींच नाहीं. अरबी ही सेमिटिक कुळांतील. हिब्रू तिची बहीण. तागालोग ही ऑस्ट्रोनेशियन कुळांतील. हें कुळ मादागास्करपासून हवाई व ईस्टर बेटापर्यंत पसरलें आहे. भाषांचें नातें ओळखावयाचें तर अंक, अवयव असे सहसा उसने न घेतले जाणारे शब्द ताडून पाहावे. ‘पांच’ या अंकास तागालोगमध्यें ‘लिमा’, मलय भाषेंत ‘लिमा’ आणि हजारों कोसांवरील हवाईंतहि ‘लिमा’च. डोळ्यास तागालोग व मलय या दोहोंत ‘माता’, तर हवाईंत ‘माका’. उलट अरबींत पांच म्हणजे ‘खम्सा’ आणि हिब्रूंत ‘हामेश’. डोळा अरबींत ‘ऐन’ आणि हिब्रूंत ‘आयिन’. एवढ्या पुराव्यावरूनच दोन्ही घराण्यांच्या वंशावळी निराळ्या असल्याचें ध्यानांत येतें.

तरीहि वरवर पाहणारा फसेल असें एक साम्य त्यांच्यांत आहे. शब्दाच्या पोटांत शिरून तेथेंच फेरफार करण्याची संवय दोघींनाहि आहे. अरबींत धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि स्वर व कांहीं जादा अक्षरें घालून त्यापासून शब्द घडवितात. मराठींत ‘नजर’, कचेरींतला ‘नाजर’ आणि ‘मंजूर’ हे तीन शब्द आपण परस्परांशीं संबंध नसल्याप्रमाणें वापरतों. अरबींत ते एकाच धातूचीं लेंकरें आहेत. त्याच धातूच्या मध्यें ‘त’ शिरला कीं ‘इंतजार’ होतो. तागालोगमध्यें ‘सुलात’ म्हणजे लेखन. त्यांत पहिल्या व्यंजनानंतर ‘उम्’ घातला कीं ‘सुमुलात’, म्हणजे लिहिलें. ‘इन्’ घातला कीं ‘सिनुलात’, म्हणजे लिहिलें गेलें. पहिलें अक्षर दुणावलें कीं ‘सुसुलात’, म्हणजे लिहील. लेखकास ‘मानुनुलात’ म्हणतात. परंतु भेद मूलभूत आहे. अरबी धातु म्हणजे नुसत्या व्यंजनांचा सांपळा, तो एकटा उच्चारतांहि येत नाहीं. तागालोगचें मूळ हा स्वतःच्या पायांवर उभा असलेला पुरा शब्द असतो. अभिजात अरबींत आणि तागालोगमध्यें क्रियापद बहुधा वाक्याच्या आरंभीं येतें, हेंहि साम्य असेंच फसवें. तशी रीत युरोपांतील वेल्श भाषेंतहि आहे, पण म्हणून ती या दोघींची बहीण ठरत नाहीं.

नातें नव्हतें, पण भेट झाली. आणि ती एकदां नव्हे, दोनदां, दोन विरुद्ध दिशांनीं झाली. पहिला मार्ग हिंदी महासागराचा. अरब, गुजराती व मलय व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर इस्लाम धर्म मलाक्का, ब्रुनेई व सुलूपर्यंत गेला. पंधराव्या शतकांत सुलू बेटांवर सुलतानाची गादी स्थापन झाली. मलय ही या साऱ्या समुद्राची व्यवहारभाषा होती. १५२१ सालीं माजेलान फिलिपाइन्सच्या बेटांस लागला, तेव्हां त्याच्या एन्रिके नांवाच्या गुलामाचें मलय बोलणें तेथील राजास समजलें. १५७१ त स्पॅनिश सेनापति लेगास्पी यानें मनिला घेतली, तेव्हां तेथें राजा सुलेमान राज्य करीत होता. या वाटेनें मलय भाषेच्या हातून अरबी शब्द तागालोगमध्यें आले. ‘हुकोम’ त्यांपैकींच. ‘सालामात’ हा दुसरा. अरबींत त्याचा अर्थ सुरक्षितता. आपलें ‘सलामत’ तेंच. मनिलेंत मात्र कोणी उपकार केला असतां ‘आभारी आहें’ या अर्थानें ‘सालामात’ म्हणतात. शब्द आले, पण त्यांच्याबरोबर लिपि आली नाहीं. सुलूकडील तौसुग भाषा अरबी अक्षरांत लिहिली गेली. तागालोग मात्र ब्राह्मीच्या वंशांतील ‘बायबायिन’ लिपींतच राहिली. १५९३ सालीं मनिलेंत छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत तीच अक्षरें रोमन अक्षरांसोबत दिसतात.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. वर दिलेला ‘सुलात’ शब्द अरबी ‘सूरा’पासून निघाला, असें कित्येकांनीं म्हटलें आहे, उलट तो ऑस्ट्रोनेशियन कुळाचाच जुना शब्द आहे, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. नुसत्या ध्वनिसाम्यावर इतिहासाची इमारत उभारूं नये, हें या वादावरून शिकावें.

दुसरा मार्ग याहून नवलाचा आहे. ७११ सालीं अरब व बर्बर सैन्य स्पेनमध्यें उतरलें आणि १४९२ त ग्रानाडा पडेपर्यंत तेथें मुसलमानी सत्ता या ना त्या रूपानें टिकली. तेवढ्या काळांत स्पॅनिश भाषेंत असंख्य अरबी शब्द रुजले, आणि पुष्कळांना अरबी ‘अल्’ हें उपपद कायमचें चिकटून बसलें. पुढें तेच स्पॅनिश लोक मेक्सिकोमार्गें पॅसिफिक ओलांडून मनिलेस आले. १५६५ पासून १८१५ पर्यंत त्यांचीं गलबतें आकापुल्को व मनिला यांच्यामध्यें येरझारा घालीत होतीं; मालाबरोबर शब्दहि उतरत होते. आपला काजी ‘अल्-काजी’चा ‘आल्काल्दे’ होऊन नगराचा प्रमुख बनला. आपला दिवाण ‘आद्वाना’ होऊन जकातीच्या नाक्यावर बसला. आणि साखरेची कथा तर सर्वांत गोड. संस्कृत शर्करा इराणांत ‘शकर’, अरबस्तानांत ‘सुक्कर’, स्पेनमध्यें ‘असूकार’ आणि शेवटीं मनिलेंत ‘असुकाल’ झाली. ज्या अरबांविरुद्ध स्पेन शतकानुशतकें लढलें, त्यांचेच शब्द त्यानें पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास नेऊन पोंचविले. आणि तेथें मुसलमान भेटतांच त्यांस आपल्या जुन्या शत्रूंचें ‘मोरो’ हें नांवहि देऊन टाकलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. न्यायाच्या जागेस अरब ‘महकमा’ म्हणतो. हें रूप त्यानें धातूच्या आंतून घडविलें. तागालोगनें तें रूप उचललें नाहीं. तिनें एक शब्द घेतला, त्याच्या शेवटीं आपला स्थानवाचक ‘आन’ प्रत्यय जोडला आणि ‘हुकुमान’ केलें; आपला ‘उम्’ त्याच्या पोटांत घातला आणि ‘न्याय करणें’ या अर्थीं ‘हुमुकोम’ केलें. शब्द पाहुणा, पण शिस्त घरची. मराठीनेंहि ‘हुकमास’, ‘हुकमानें’ अशीं रूपें करून तेंच साधलें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशानें राज्यकारभाराच्या यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. परसत्तेच्या दडपणाखालीं आलेली भाषा सांवरण्याचा तो उद्योग त्या काळीं योग्यच होता. तरी नजर, तारीख, मंजूर हे शब्द आजहि आपल्या तोंडीं आहेत आणि त्यांच्या योगानें मराठी अरबी झाली नाहीं. भाषेचें स्वत्व तिच्या कोशापेक्षां तिच्या व्याकरणांत अधिक राहतें, असें आमचें मत आहे. जी भाषा घेतलेल्या शब्दास आपले प्रत्यय लावूं शकते, तिनें भिण्याचें कारण नाहीं. तें सामर्थ्य गेलें तर मात्र शुद्धीचे सर्व कोश व्यर्थ होत.

फिलिपाइन्सनें १९३७ सालीं तागालोगच्या पायावर राष्ट्रभाषा उभारण्याचें ठरविलें. १९८७ च्या राज्यघटनेंत त्या राष्ट्रभाषेस ‘फिलिपिनो’ म्हटलें असून, स्पॅनिश व अरबी या भाषांस ऐच्छिक रीतीनें उत्तेजन द्यावें, असेंहि तींत लिहिलें आहे. ज्या दोन वाटांनीं शब्द आले, त्या दोहोंचें हें एका वाक्यांतील स्मरणच म्हणावयाचें.

जातां जातां एक लहानशी गोष्ट. अरबींत संस्कृताप्रमाणें द्विवचन आहे, तरी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंस ‘नह्नु’ हा एकच शब्द. तागालोग मात्र ऐकणाऱ्यास वगळून ‘कामी’ म्हणते आणि त्याला सामावून घेऊन ‘तायो’ म्हणते, अगदीं मराठीसारखें. हा लेख आम्हीं लिहिला, तो ‘कामी’च्या भूमिकेवरून. परंतु परक्या शब्दांना घरांत घेऊन आपलेंसें करण्याचा जो व्यवहार त्यांत सांगितला, तो अरब, तागालोग व मराठी या सर्वांचा, म्हणजे ‘तायो’चा आहे.